‘इंटरनेट एक्सप्लोरर ११ किंवा त्याच्या वरचा’ वापरायचा म्हणे, तो मिळतो कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवली पूर्वेला बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीचा मी गेली सहा वर्षं खजिनदार आहे. पगार नाही, सुट्टी नाही, पाणी आलं नाही तरी लोक मलाच फोन करतात. आमचं खातं एका बँकेत आहे, नाव लिहीत नाही कारण मेहुण्याचं खातं दुसऱ्या बँकेत आहे आणि तिथलं रडगाणंही हेच आहे. खातं सोसायटीचं असल्याने नेटबँकिंग साधं नाही, त्यात मेकर आणि चेकर असतो, म्हणजे मी पेमेंटची एंट्री करायची आणि चेअरमन काका किंवा सेक्रेटरी मॅडम यांच्यापैकी एकाने ती अप्रूव्ह करायची, चेकवर दोन सह्या असतात तसंच. कल्पना चांगली आहे, मला पूर्ण मान्य आहे. पण तिघांचे तीन कॉम्प्युटर, तीन ब्राउझर आणि बँकेची साइट एकच, इथे गाडी अडते.

गेल्या महिन्यातलंच सांगतो. लिफ्टच्या एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे भरायचे होते. मी रविवारी रात्री जेवण झाल्यावर सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसलो, एंट्री केली, सबमिट दाबलं आणि काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, एरर नाही, चक्र फिरणं नाही. चार वेळा दाबलं. मग लक्षात आलं की वर अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या कोपऱ्यात एक चिमुकली खूण आलीये, पॉप-अप अडवल्याची. ओटीपीची खिडकी वेगळी उघडत होती आणि ब्राउझर ती दाबून टाकत होता. बरं, परवानगी दिली, तर पान रिफ्रेश झालं आणि बँक म्हणते तुमचं सेशन संपलं, सुरक्षेसाठी पुन्हा लॉगिन करा. पुन्हा लॉगिन केलं तर म्हणते तुमचं आधीचं सेशन चालू आहे, थोड्या वेळाने या. अहो, आत्ता तुम्हीच म्हणालात ना संपलं म्हणून!

ही परवानगी मी दोन वर्षांपूर्वी एकदा देऊन ठेवली होती, मग परत का मागितली? भाच्याने सांगितलं तेव्हा कळलं. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापल्या साइट डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर न्यायला सांगितलं होतं, म्हणजे खोट्या साइट पटकन ओळखू येतील, कारण हा पत्ता ऐऱ्यागैऱ्याला मिळतच नाही, बँकांनाच मिळतो. हा निर्णय मला आवडला, खरंच. पण ब्राउझर परवानग्या, साठवलेले पासवर्ड, सगळं पत्त्यागणिक ठेवतो. पत्ता बदलला की त्याच्या लेखी ती परकी साइट. म्हणून पॉप-अपही अडला आणि पासवर्डही आपोआप भरला गेला नाही. आता गंमत बघा, मला याच भाच्याने शिकवलं होतं की मामा, पासवर्ड आपोआप आला नाही की समजायचं साइट बनावट आहे. मग त्या दिवशी मी काय समजायचं होतं? बँकेने पत्ता बदलल्याचा मेसेज पाठवला होता, नाही असं नाही, पण त्यात ‘तुमचा साठवलेला पासवर्ड नव्या पत्त्यावर दिसणार नाही, घाबरू नका’ एवढं एक वाक्य कुणाला लिहावंसं वाटलं नाही.

मी जुना पत्ता बुकमार्क केलेला होता तोही उघडून बघितला, तर लाल त्रिकोणवाली सूचना आली की तुमचं कनेक्शन खासगी नाही. कस्टमर केअरला फोन लावला. बावीस मिनिटं ते गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली, अगदी गोड बोलली, तिचा काही दोष नाही, समोर जे लिहून दिलंय तेच ती वाचणार. म्हणाली सर, ‘ॲडव्हान्स्ड’वर क्लिक करा आणि मग ‘प्रोसीड’ करा.

संपादक साहेब, माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे.

कारण हीच बँक मला दर आठवड्याला मेसेज पाठवते की अनोळखी लिंक उघडू नका, ब्राउझरच्या सूचनांकडे दुर्लक्ष करू नका. आणि फोन केला की सांगते सूचना ओलांडून पुढे जा, पॉप-अप ब्लॉकर बंद करा, अँटिव्हायरस जरा वेळ बंद करून बघा. साइट सुरक्षित आहे म्हणून आपण आपल्या घराची कडी काढून ठेवायची असला हा प्रकार. उद्या खरोखरच्या भामट्याने फोन करून हेच शब्द वापरले तर आमच्या चेअरमन काकांना फरक कसा कळणार, त्यांना तर बँकेनेच ट्रेनिंग देऊन ठेवलंय. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं म्हटलं होतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाने सोसायचं. मग बँकेच्याच माणसाच्या सांगण्यावरून मी ‘प्रोसीड’ दाबलं आणि पैसे गेले, तर तो निष्काळजीपणा कुणाचा धरायचा?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल खजिनदार एकतर्फी बोलतोय.

चेअरमन काकांकडे लॅपटॉप आहे विंडोज ७ चा, मुलाने अमेरिकेला जाताना ठेवून गेलेला. त्यावर बँकेची साइट उघडतच नाही, ‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ असं येतं. काकांचं म्हणणं, लॅपटॉप ठणठणीत चालतोय, नाटकाची तिकिटं निघतात, व्हिडिओ दिसतात, मग बँकेलाच काय धाड भरलीये? इथे मात्र मी बँकेच्या बाजूने. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्येच रामराम केला, आणि क्रोमचं त्यावर चालणारं शेवटचं व्हर्जन १०९, ते आलं २०२३ च्या सुरुवातीला. त्यानंतर जी भोकं सापडली ती काकांच्या लॅपटॉपवर उघडीच आहेत. तसंच ते टीएलएस म्हणून असतं, आपल्या ब्राउझरचं आणि बँकेच्या सर्व्हरचं जे बोलणं मधल्या कुणाला कळू नये म्हणून सांकेतिक भाषेत होतं ते, त्यातली १९९९ ची आणि २००६ ची पद्धत कच्ची ठरली आणि २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी ती बंद करून टाकली. फार जुनं मशीन घेऊन येणाऱ्याला बँकेने दारात अडवलं तर त्यात चूक काही नाही. काकांना मी हे तीन वेळा समजावलं, त्यांना पटलं नाही, पण ते जाऊ दे. (आता विंडोज १० चाही नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरही त्याच रांगेत लागलाय, पुढच्या जनरल बॉडीत नवीन कॉम्प्युटरचा विषय काढला की काय होणार ते मला आत्ताच ऐकू येतंय.)

पण सेक्रेटरी मॅडमचं काय? त्यांच्या मुलीने त्यांना नवाकोरा मॅक दिलाय, सगळे अपडेट केलेले, सफारी ब्राउझर. त्यावर काकांच्या लॅपटॉपवर आलं तसंच पान आलं, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, ही साइट इंटरनेट एक्सप्लोरर ११ किंवा त्याच्या वरच्या व्हर्जनवर उत्तम चालते. मी ते दोनदा वाचलं. इंटरनेट एक्सप्लोरर ११ च्या वर काही नाहीच हो! ११ आलं २०१३ मध्ये, तेच शेवटचं, आणि १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्याचाही कारभार आवरला. त्यांच्याच नव्या एज ब्राउझरमध्ये त्याच्यासाठी एक जुनी खोली तेवढी राखून ठेवलीये, कंपन्यांची जुनी कामं चालावीत म्हणून. म्हणजे मेलेल्या माणसाच्या अजून न जन्मलेल्या मुलाला घेऊन या असं बँक म्हणतेय, आणि मॅकवर तर हा ब्राउझर कित्येक वर्षांपासून मुळी मिळतच नाही.

तर काका आणि मॅडम, एकाचं मशीन खरंच धोकादायक, दुसरीचं बँकेच्या स्वतःच्या कॉम्प्युटरपेक्षा सुरक्षित असेल, आणि दोघांना उत्तर एकच. का, ते मला भाच्याने रविवारी घरी येऊन दाखवलं. म्हणाला, मामा, ब्राउझर कुठल्याही साइटवर गेला की आधी आपली ओळख सांगतो, एक ओळ असते नावाची. ती ओळ त्याने उघडून दाखवली. क्रोमची ओळ सुरू होते ‘मोझिला’ने, मध्ये ‘ॲपलवेबकिट’ येतं, मग क्रोम आणि शेवटी ‘सफारी’! लग्नात जेवायला बसलेला माणूस विचारणारा बघून कधी मुलीकडचा कधी मुलाकडचा सांगतो तसं. हे असं झालं कारण वर्षानुवर्षं साइटवाले नाव बघून आत सोडायचे, मग प्रत्येक नव्या ब्राउझरने आधीच्यांची नावं लावून घेतली. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांचं व्हर्जन १०० झालं तेव्हा तर या लोकांना धास्ती होती की काही साइट पहिले दोनच आकडे वाचतील आणि १०० ला १० समजून हाकलून देतील, म्हणून तात्पुरतं ९९ च सांगत राहायचं अशीही सोय त्यांनी करून ठेवली होती.

मग भाच्याने एक गंमत केली. माझ्या फायरफॉक्समध्ये एक छोटं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पुरवणी प्रोग्रॅम, टाकलं, त्याने फायरफॉक्स स्वतःला क्रोम म्हणवायला लागला. फक्त नाव बदललं, बाकी ब्राउझर तोच, कॉम्प्युटर तोच. आणि बँकेची साइट, जी फायरफॉक्सला उभं करत नव्हती, ती सुतासारखी सरळ उघडली. लॉगिन झालं, स्टेटमेंट निघालं, पाणीपट्टीची एंट्री सुद्धा झाली. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच! कुणीतरी दहाएक वर्षांपूर्वी दारावर एक वॉचमन बसवला, त्याच्या हातात नावांची यादी दिली आणि नंतर ती यादी कुणी बदललीच नाही. तो वॉचमन फक्त नाव विचारतो, पिशवीत काय आहे ते बघत नाही. खोटं नाव सांगितलं की आत सोडतो, खरं सांगितलं की हाकलतो. याला सुरक्षा म्हणत असतील तर आमच्या सोसायटीचा दुपारी झोपणारा वॉचमन बरा. (वाचकांनी हा उद्योग करू नये, मीही लगेच काढून टाकलं. बँकेच्या कामाला कुठलं तरी एक्स्टेंशन मध्ये घालणं ही आणखी एक जोखीमच.)

कुलुपाची गोष्ट तर राहिलीच. बँकेच्या ‘सुरक्षित बँकिंग’च्या पानावर अजूनही लिहिलंय, अ‍ॅड्रेस बार हिरवा आहे का ते बघा, कुलपाचं चित्र बघा. हिरवी पट्टी क्रोम आणि फायरफॉक्सने २०१९ मध्येच काढून टाकली. कुलूपही क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलं आणि तिथे सेटिंगची खूण बसवली, कारण बनावट साइटलाही कुलूप सहज मिळायला लागलं होतं आणि लोक ते बघून निर्धास्त व्हायचे. आता काकांनी नवा टॅबलेट घेतल्यावर पहिल्यांदा बँकेची साइट उघडली आणि रात्री साडेदहाला मला फोन, कुलूप दिसत नाहीये, मी पासवर्ड टाकलेला नाही, शेजारच्यांना पण सांगून ठेवलंय की बँकेची साइट हॅक झालीये. बँकेच्या सूचना शब्दशः पाळणारा आमच्या बिल्डिंगमधला हा एकमेव माणूस, आणि त्यालाच साइट खोटी वाटली. बँकेचं ते पान बदलायला किती वेळ लागतो? भाचा म्हणतो दहा मिनिटं.

काही लोक म्हणतील अहो मोबाईल अ‍ॅप वापरा ना, कशाला ब्राउझरचं झेंगट. मी वापरतो की, भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत सगळं यूपीआयने देतो. पण सोसायटीच्या खात्याचं अप्रूव्हल अ‍ॅपमध्ये नाही, बल्क पेमेंट (एकदम अनेकांना पैसे पाठवणं) नाही, ऑडिटरला हवं असलेलं एक्सेलमधलं स्टेटमेंट नाही. आणि ६८ वर्षांच्या माणसाला पाच बोटांच्या स्क्रीनवर पंधरा आकडी खाते नंबर टाकायला लावायचा का? बरं, वेबसाइटवर तरी काय, खाते नंबर पेस्ट करता येत नाही, बंद करून ठेवलंय, दोनदा हाताने टाइप करा. सुरक्षेसाठी म्हणे. पासवर्डच्या बाबतीत तर अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्येच लिहून ठेवलंय की पेस्ट करू द्यावं, म्हणजे लोक मोठे आणि चांगले पासवर्ड वापरतील. आमच्याकडे मात्र पेस्ट बंद, राइट क्लिक बंद, बॅक बटण दाबलं की बाहेर, आणि वर तो स्क्रीनवरचा कीबोर्ड, ज्याची अक्षरं दर वेळी जागा बदलतात.

त्या कीबोर्डवरून आठवलं. आमच्या सी विंगमध्ये एक गृहस्थ आहेत, त्यांना दिसत नाही, पण कॉम्प्युटर माझ्यापेक्षा फास्ट चालवतात, स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम वापरून. त्यांचं वैयक्तिक खातं याच बँकेत. तो अक्षरं हलणारा कीबोर्ड त्यांच्या स्क्रीन रीडरला नुसता एक फोटो वाटतो. कॅप्चाशेजारी (वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरायची ती चौकट) स्पीकरचं बटण आहे, ते क्रोममध्ये बोलतं आणि फायरफॉक्समध्ये मुकं. सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल केवायसीच्या प्रकरणात सांगितलं की डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे गृहस्थ महिन्यातून दोनदा मुलाला पासवर्ड सांगतात आणि काम करून घेतात. पासवर्ड कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही, असा बँकेचा मेसेज त्यांना न चुकता येतो, तो त्यांचा फोन त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. भाचा कंपनीच्या कामाने वर्षभर दक्षिण कोरियात होता, तिथलं त्याने सांगितलं. तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी ऑनलाइन व्यवहारांसाठी स्वतःची सांकेतिक पद्धत काढली, ती ब्राउझरमध्ये नव्हती म्हणून इंटरनेट एक्सप्लोररला अ‍ॅक्टिव्हएक्सची ठिगळं, म्हणजे वरून बसवायचे छोटे प्रोग्रॅम, लावली, त्यात सरकारमान्य सर्टिफिकेट सक्तीचं केलं, आणि अख्खा देश वर्षानुवर्षं एका ब्राउझरला बांधला गेला. दुसरा ब्राउझर वापरायचा तर बँक विसरा. लोकांना बँकेचं पान उघडताच तीन-चार प्रोग्रॅम डोळे मिटून इन्स्टॉल करायची सवय लागली, आणि व्हायरसवाल्यांना यापेक्षा सोपं काय पाहिजे. त्या सर्टिफिकेटचा खास दर्जा जायला डिसेंबर २०२० उजाडलं.

आणि आपल्याकडे? माझा एक मित्र सरकारी कामांचा छोटा ठेकेदार आहे. ई-टेंडरच्या डिजिटल सहीसाठी त्याने एक जुना लॅपटॉप राखून ठेवलाय, त्यावर जुना जावा (सहीसाठी ब्राउझरला प्लगिन म्हणून जोडावा लागायचा तो प्रोग्रॅम), जुना ब्राउझर, आणि झाकणावर चिकटपट्टीने कागद, ‘अपडेट करू नये’. क्रोमने जावाचं ते प्लगिन २०१५ मध्ये बंद केलं, फायरफॉक्सने २०१७ मध्ये, हा गडी अजून तिथेच, कारण एकदा बसलेली घडी मोडायची त्याला भीती वाटते. डिजिटल सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा डोंगल त्याला कायम लावलेला. म्हणजे ज्या सहीने लाखोंच्या निविदा भरायच्या ती सही घरातल्या सगळ्यात असुरक्षित मशीनमध्ये.

मी बँकेकडे लेखी तक्रार केली होती. अकराव्या दिवशी उत्तर आलं, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया शिफारस केलेला ब्राउझर वापरावा. कुठला, ते लिहिलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं ठरवलंय, तिथे कुठल्याही एका भाषेत पत्र चालतं म्हणतात, मी मराठीतच लिहिणार.

मागणी फार मोठी नाही. नव्या पत्त्यांसाठी रिझर्व्ह बँकेने तारीख देऊन बँकांच्या मागे लागून काम करवून घेतलं, तसंच साइट चारही मोठ्या ब्राउझरांवर, मॅकवर, लिनक्सवर आणि स्क्रीन रीडरवर चालवून बघायचीही सक्ती करावी, आणि कुठल्या तारखेला कशावर तपासली ते बँकेने पहिल्याच पानावर लावावं, हॉटेलवाला लायसन लावतो तसं. जुन्या मशीनला जरूर अडवा, पण का अडवलं ते साध्या मराठीत लिहा, नुसतं ‘एरर, पुन्हा प्रयत्न करा’ नको. आणि कस्टमर केअरच्या त्या छापील कागदातून ‘प्रोसीड करा’ हे दोन शब्द आजच्या आज खोडा, हे तर सक्तीची वाट न बघताही करता येईल.

लिफ्टचे पैसे अजून गेलेले नाहीत. दरम्यान दोनदा प्रयत्न केला, एकदा मॅडमच्या मॅकवर अडकलं, एकदा शाखेत गेलो तर दुसरा शनिवार, बँक बंद. शेवटी काल चेकबुक शोधून काढलं, काकांची सही घेतली, मॅडमची घेतली. लिफ्टवाल्याचा माणूस उद्या सकाळी चेक न्यायला येतोय, चौथ्या मजल्यावर, जिन्याने.

आपला,
एका सोसायटीचा खजिनदार
डोंबिवली (पूर्व)